वाफ्यातला सिंह

इतकी वर्षं झाली, पण ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग कान तापतात. सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या जुन्या वस्तीतल्या एका ठाण्यात फौजदार होतो. ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर भोसल्यांच्या काळातली दगडी वेस होती. संरक्षित इमारतींच्या यादीत तिचं नाव होतं आणि बऱ्याच खटपटीनंतर सरकारने तिच्या दुरुस्तीला मंजुरी दिली होती. पडलेले दगड पायथ्याशी रचून त्यांवर डांबराने आकडे घातले होते. त्यांतला सतरा नंबरचा, सिंहाचं तोंड कोरलेला दगड नाहीसा झाला.

पुरातत्त्व खात्याचे अधिकारी फिर्याद घेऊन आले. दगड मिळेपर्यंत काम बंद. त्याहून वाईट म्हणजे वेशीच्या म्हाताऱ्या चौकीदाराने तो विकला, असा त्यांचा संशय होता. पेन्शन सहा महिन्यांवर आलेली आणि बिचाऱ्याची नोकरी जायची वेळ आली होती.

मी त्याला रोज सकाळी ठाण्यात बोलावू लागलो. माणूस साधा, पण उत्तर देताना त्याची नजर सारखी खिडकीबाहेर जायची. नजर चुकवणारा काहीतरी लपवतो, हा माझा तेव्हाचा ठाम सिद्धांत.

"सिंह कुठे आहे, बाबा?"

"म्या नाही नेला, साहेब."

"मग कोणी नेला?"

"मी गरीब मानूस. मी कसं सांगू जी?"

तेवढ्यात खबऱ्याने टीप आणली. शहराबाहेरच्या वाडी गावातल्या एका गोदामात गोणपाटात बांधलेले घडीव दगड उतरले आहेत, ट्रकने बाहेर जाणार. चार शिपाई घेऊन छापा घातला. गोणपाट सोडले तर आत पाटे-वरवंटे. गोदामवाला म्हणाला, "घरी पाहिजे असन तर एक घेऊन जा ना, साहेब." आमच्या हवालदाराने खरंच एक निवडला होता. मी डोळे वटारले तेव्हा त्याने तो खाली ठेवला.

मी चिडूनच परतलो. चौकीदार बाकावर, नजर खिडकीबाहेर. मी टेबलावर हात आपटला. "एवढं काय बघताय बाहेर?"

तो हात जोडून उभा राहिला. "मारसान तर नाही ना?"

"नाही."

"शेरालेच पाहून राहिलो, साहेब. त्याले चुना काहून फासला जी?"

मी खिडकीशी गेलो. झेंडूच्या वाफ्याभोवती गेरू-चुन्याने रंगवलेले दगड बसवले होते, एक लाल, एक पांढरा. वार्षिक तपासणी आली की प्रत्येक ठाण्यात प्रलंबित गुन्ह्यांच्या आधी दगडांना हात लागतो. पंधरा दिवसांपूर्वी मीच हवालदाराला म्हणालो होतो, "कुठूनही चांगले दगड आणा." कुठून आणले, हे मी विचारलं नव्हतं.

कोपऱ्यातला पांढरा दगड उपटला. सिंह तोंडघशी पुरलेला होता, फुटका कान तेवढा मातीबाहेर. म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी त्यावरून ओळखलं होतं. खरवडल्यावर सतराचा आकडा दिसला. रोज सकाळी मी बुटाची नाडी त्याच दगडावर पाय ठेवून बांधत होतो. तपासणीच्या शेऱ्यात मोठ्या साहेबांनी खास लिहिलं होतं, बागेची निगा उत्तम.

"आधीच का नाही सांगितलंत?"

"ठान्यात बसून पोलिसालेच चोर म्हनू काय, साहेब?"

हवालदार माझ्या कानाशी लागला. "नाल्याकाठी बेवारस सापडला असं लिहू. ठाण्याची इज्जत राहीन."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण म्हाताऱ्याने चोरून, भिऊन टाकला, हा संशय मग त्याच्यावर कायमचा राहिला असता. मी पंचनाम्यात लिहिलं, दगड ठाण्याच्या आवारातल्या वाफ्यात मिळाला, माझ्याच आदेशावरून आणलेला. मला लेखी ताकीद मिळाली आणि सहकारी वर्षभर 'माळीबुवा' म्हणत राहिले. चौकीदार कामावर राहिला. सिंह वेशीवर चढला त्या दिवशी मी जाऊन म्हाताऱ्याची माफी मागितली. तो माझ्यापेक्षा जास्त अवघडला.

चौकशीत समोरचा कुठे पाहतो, हे मी नेहमी टिपत आलो होतो. तो काय पाहतो, हे उठून बघायला मात्र मला त्या म्हाताऱ्याने शिकवलं. हा धडा लगेच कामी आला. त्याच संध्याकाळी मी हवालदाराला विचारलं, "वाफ्यातले बाकीचे दगड कुठून आणले?"

तो खिडकीबाहेर पाहू लागला. मी खुर्चीतून उठलो आणि बाहेर पाहिलं. समोरच्या शाळेच्या दगडी कुंपणाला भलंमोठं भगदाड होतं.