सुईणींचा बाप्तिस्मा

आमची मुलगी शारजाच्या इस्पितळात जन्मली आणि आठवडा पुरा व्हायच्या आत गेली. बाप्तिस्मा राहिलाच. त्यानंतर दोनेक वर्षांनी, नव्वदचं दशक सरता सरता, मी पोस्टाने ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाच्या इतिहासाचा कोर्स घेतला. लोकांना वाटलं, बाई दुःख विसरायला पुस्तकात डोकं घालतेय. मला एवढंच शोधायचं होतं, की बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या लेकराचं पुढे काय होतं.

आमची सांगलीकडची मंडळी प्रॉटेस्टंटांतल्या सुधारित परंपरेतली. पण सुधारक म्हटलं की आम्हाला पुण्यातले पागोटेवालेच आठवणार. चर्च सुधारणारे जिनिव्हाचे सोळाव्या शतकातले सुधारक मला पुस्तकातून भेटले ते शारजातल्या अल मजाजच्या फ्लॅटमध्ये, थोरल्या मुलाला स्कूलबसमध्ये बसवून आल्यावर. फार दमवलं त्यांनी. एकेका वाक्याला चार पोटवाक्यं, आणि अर्थ लागेपर्यंत कुकरची शिट्टी.

जुन्या काळी म्हणे अशी बाळं नरकाच्या काठावर राहत. त्या भीतीने सुईणीच घाईघाईने पाणी लावून मोकळ्या होत. आमच्या सुधारकांनी ते बंद पाडलं. बाप्तिस्मा पाळकानेच द्यायचा, देवाची कृपा पाण्यासाठी अडून राहत नाही. हे वाचून मी हुश्श केलं. पण पुढच्याच धड्यात होतं, की देवाने आधीच 'निवडलेली' बाळं तरतात. निवडलेली! आपल्याकडे तांदूळ निवडतात. मग खडे कोण? इतका संताप आला की कित्येक दिवस मी ते पुस्तक उघडलं नाही. त्यांच्यातल्याच काहींनी विश्वासणाऱ्या आईबापांना, आपलं लेकरू तरलं याची शंका घेऊ नका, असं बजावलंही होतं. बजावून शंका जाते होय?

तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारची उपासनाही शुक्रवारी व्हायची. अशाच एका शुक्रवारी उपासनेहून येऊन आम्ही जेवायला बसलो होतो. ह्यांचं एसीच्या डक्टचं कॉन्ट्रॅक्टिंग, एरवी बोलायचं त्राणच नसे. त्या दिवशी म्हणाले, "काय, कोर्स खलास?"

"कसला खलास! अहो, सुईणींनी दिलेला बाप्तिस्मा आपल्यात चालत नाही, ठाऊक होतं तुम्हाला?"

ह्यांचा घास हातातच राहिला. "आणि बापाने दिलेला?"

मला काही कळेना. मग ताटाकडे बघत म्हणाले, "नर्सला रिक्वेस्ट केली, तिने आत बाळापाशी सोडलं. बाटलीतलं पाणी लावलं बोटाने. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, एवढंच म्हणता आलं. तुला सांगायचा धीर नाही झाला. चुकलं का गं?"

चुकलं होतं. आमच्या परंपरेप्रमाणे साफ चुकलं होतं, आणि ते कोणी, का ठरवलं तेही मला आता तोंडपाठ होतं. पण ह्या माणसाला ते सांगायचं माझ्या जिवावर आलं. शिकून शिकून मी थकले होते, आणि हे इतकी वर्षं एकटेच झुरत होते. बाप्तिस्मा देताना बाळाचं नाव घेतात. आमची मुलगी इस्पितळात 'बेबी गर्ल' होती, घरात नुसती 'ती'.

"नाव काय घेतलंत?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या आईचं नाव सांगितलं.