काम आवडे छे?

भटू सदाशिव सोनवणे याला काम आवडत नाही, आणि ही गोष्ट तो लपवत नाही. सिल्वासाजवळच्या नरोलीतल्या धाग्याच्या कारखान्यात तो गेली बावीस वर्षं नोकरीला आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून कॅन्टीनच्या महाराजापर्यंत सगळ्यांना त्याची ही नावड ठाऊक आहे. सकाळी कोणी सहज विचारलं, "काय भटूभाऊ, कसं काय?" तर तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो आणि सांगतो, "तीनपर्यंत असंच. तीननंतर विचार."

बरं, त्याचं काम तसं सुखाचं. मशीनवरची माणसं कानात बोळे घालून, तापलेल्या तेलाच्या वाफेत आठ-आठ तास उभी असतात. भटूची तपासणीची खोली गार. ती गार ठेवतात धाग्यासाठी, पण थंडी काही धागा आणि माणूस असा भेद करत नाही. बसायला खुर्ची आहे, काचेपलीकडे मशीनची घरघर आहे, आणि मध्ये काच आहे हे महत्त्वाचं. मशीनवरून उतरलेल्या बॉबिनी त्याच्याकडे येतात. प्रत्येकीतला थोडा थोडा धागा घेऊन एका लहानशा यंत्रावर त्याची लांबच लांब नळी विणायची. कारखान्यात तिला मोजा म्हणतात. मोजा निळ्या रंगात उकळायचा, सुकवायचा, पांढऱ्या फळीवर ओढून दिव्याखाली न्याहाळायचा. निळा सगळीकडे सारखा असेल तर माल पास. कुठे एखादा पट्टा गडद किंवा फिका दिसला, तर त्या नंबरची बॉबिन बाजूला.

इतक्या वर्षांत भटूने काही कोस मोजे विणले असतील. टाच नसलेले, बोटं नसलेले, ज्यांच्यात कधी कोणाचा पाय जाणार नाही असे मोजे. मशीनवरचा पप्पू एकदा म्हणाला होता, "भटूभाई, आपके मोजे के लिए आदमी नहीं, साँप चाहिए." भटू त्यावर पोट धरून हसला. साप तरी मोजा घालून कुठे जाणार, असं काहीतरी मग दिवसभर त्याच्या मनात फिरत राहिलं.

बघून झालेले मोजे फेकायचेच असतात. कारखान्याच्या परवानगीने तो काही घरी आणतो. त्याच्या सामरवरणीच्या दोन खोल्यांत गरम पातेलं निळ्या मोज्यानेच चुलीवरून उतरतं. पारोळ्याजवळच्या गावी त्याची आई, भिमाबाई, तेच मोजे हातभर कापून कोपरापर्यंत चढवते आणि कापूस वेचायला जाते. बोंडांची वाळकी टोकं मग हाताला लागत नाहीत. गावातल्या बायका म्हणतात, भटूच्या आईने निळा चुडा भरलाय.

भटूचा अभिमान म्हणजे ही भिमाबाई. लहानपणी त्याने तिला विचारलं होतं, "माय, तुले काम आवडस का?" निंदणी करून आलेली ती, पायाची माती झाडत होती. म्हणाली, "काम कोनले गोड लागस रे भाऊ? जेवन गोड लागस." एवढंच. पण तिने निंदलेल्या ओळीत मागाहून कोणाला गवताची काडी सापडली नाही. कामाला तिने कधी देव म्हटलं नाही, कधी शिवीही दिली नाही. दुखणाऱ्या दाताबरोबर माणूस राहतो तशी ती कामाबरोबर राहिली, आणि संध्याकाळी पाय धुतले की त्याचं नाव काढलं नाही.

हा वारसा घेऊन भटू सिल्वासाला आला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. पारोळ्याच्या सूतगिरणीत दोन वर्षं धागा तपासल्यामुळे त्याची नजर तयार होती. इथल्या कारखान्यात मगनभाई म्हणून एक म्हातारे मास्टर होते, माणसं ते घ्यायचे. त्यांनी चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारला होता.

"काम आवडे छे?"

भटूला तेव्हा गुजराती येत नव्हती. पण हा शब्द तर घरचाच वाटला. पहिल्याच दिवशी नव्या माणसाला इतकं मनातलं कोणी विचारतं, याचं त्याला नवल वाटलं. खोटं बोलून सुरुवात करायची नाही, असं ठरवून तो म्हणाला, "नाही. नाही आवडत."

मगनभाईंनी मान हलवली आणि त्याला ट्रॉली ढकलायला पाठवलं. ज्याला काम येतच नाही त्याला दुसरं काय देणार? गुजरातीत 'आवडे' म्हणजे 'येतं', हे भटूला कळायला सहा महिने लागले, आणि मगनभाईंना ते सांगायला आणखी दीड वर्ष. दोन वर्षं त्याने ट्रॉली ढकलली. उजवा गुडघा तेव्हापासून जिन्यावर बोलतो. शेवटी एकदा चहाच्या वेळी त्याने सगळं सांगितलं तेव्हा म्हातारा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "अरे गांडा, बे वरस!" म्हणाला, म्हणजे वेड्या, दोन वर्षं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला या गार खोलीत आणून बसवलं.

तेव्हापासून ही गोष्ट भटू स्वतःवरचा विनोद म्हणून सांगत आलाय. सांगताना एक वाक्य मात्र तो गाळतो. त्या दिवशीचा प्रश्न खरोखर मराठीतला असता, तरी उत्तर हेच असतं.

तीन वाजता पाळी सुटली की भटू थांबत नाही. सायकल काढतो, दमणगंगेच्या पुलाच्या अलीकडे उतरतो आणि काठावरच्या एका दगडावर जाऊन बसतो. हातात गळ नाही, मोबाइल खिशात. लोकांना वाटतं हा कोणाची तरी वाट बघतोय. तो कोणाचीच वाट बघत नसतो. आठ तास दुसऱ्याच्या निळ्यात डोळे घालून बसलेला माणूस कोणाच्याही मालकीचा नसलेला पाण्याचा रंग बघत असतो. त्यात पट्टे असतात, गडद, फिके, आणि एकही बाजूला काढायचा नसतो. तासाभराने उठतो, घरी जातो. दिवसातला हा तास त्याने बावीस वर्षांत कोणाला दिलेला नाही. ओव्हरटाइमला नाही, इन्चार्ज व्हा म्हणाले तेव्हा इन्चार्जच्या खुर्चीला नाही.

या उन्हाळ्यात मात्र ती गार खोलीच हातची जायची वेळ आली.

जुने शेठ घरी बसले होते. त्यांचा मुलगा कल्पेशभाई कारभार बघू लागला होता. त्याने मोज्याचा फोटो काढून पट्टे शोधणारं यंत्र आणलं. आता तपासणीत दोन माणसांची गरज नव्हती. एक भटू होता, दुसरा सुमित, सव्वीस वर्षांचा, डिप्लोमावाला. एक राहणार, दुसरा पॅकिंगला जाणार. पॅकिंग म्हणजे दिवसभर उभं राहून खोकी उचलायची. कोण राहणार हे ठरवायला मुंबईहून मनीषा मॅडम आल्या होत्या. त्यांच्याकडे छापील कागद होता. त्यावर रकाने होते, आणि पहिलाच रकाना 'कामाची आवड' असा होता.

ही बातमी आदल्या दिवशीच फुटली होती, त्यामुळे सकाळी डबा भरताना दुर्गाने नवऱ्याला बजावलं.

"हे बघा, त्या बाई विचारतील. 'आवडतं' म्हणा. चार अक्षरं आहेत."

"मोजलीस?"

"मोजली. तुमच्या गुडघ्यासाठी मोजली. खोकी उचलून आलात तर तेल मलाच चोळायचंय."

"खोटं कशाला बोलू?"

"सगळं जग बोलतं!"

"म्हणूनच," भटू म्हणाला. "त्यात माझं एक कमी पडलं तर काय बिघडतं?"

दुर्गाने डबा जरा जोरातच त्याच्या हातात दिला.

सुमितला आधी बोलावलं. पंधरा मिनिटांनी तो बाहेर आला, खुशीत होता.

"काका, सांगून टाकलं. काम माझं पॅशन आहे, झोपेतपण मला धागाच दिसतो."

"खरंच दिसतो?"

"छ्या! असं म्हणावं लागतं." मग हळूच म्हणाला, "तुम्हीपण म्हणा ना, काका. मी जाईन पॅकिंगला. माझे गुडघे चांगले आहेत."

भटूने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आत गेला.

मनीषा मॅडम टेबलामागे बसल्या होत्या. बाजूच्या खुर्चीत कल्पेशभाई फोनवर बोटं फिरवत होता. त्याला मराठी अर्धंमुर्धं कळायचं.

"बसा सोनवणे. पहिला प्रश्न अगदी सोपा. काम आवडतं ना तुम्हाला? दहापैकी किती?"

भटू बसला. गुडघा दुखला, जणू आठवण द्यायलाच. चार अक्षरं. समोरच्या बाई भल्या दिसत होत्या, 'हो' ऐकायला पेन टेकवून बसल्या होत्या. त्याला पायाची माती झाडणारी माय दिसली. हा शब्द त्याच्याकडे होता, पण तो असा कुठेही काढायचा नव्हता.

"नाही आवडत," तो म्हणाला.

मॅडमचं पेन थबकलं. पण त्याहून मोठा धक्का बसला कल्पेशभाईला. इतका वेळ त्याने काही ऐकलं नव्हतं. एक ओळखीचा शब्द आणि त्याच्या आधीचं 'नाही' तेवढं कानात शिरलं. त्याने फोन खाली ठेवला.

"शुं? नथी आवडतुं? भटूभाई, तो वीस वरसथी मारो माल कोण तपासे छे?"

मग भटूला कळलं, आणि त्याला हसू आवरेना. तोच शब्द, तोच कारखाना, तीच चूक, फक्त या वेळी पलीकडच्या बाजूने झालेली. हसत हसतच त्याने हात वर केला आणि आपल्या मोडक्यातोडक्या, पण बावीस वर्षं मुरलेल्या गुजरातीत सांगितलं,

"कल्पेशभाई, आवडे छे. गमतुं नथी."

काम येतं. रुचत नाही. कल्पेशभाईने दोन्ही शब्द मनात तोलले, आणि तोही हसायला लागला. मराठी मॅडमना गुजराती समजावून सांगायला मग त्या दोघांना मगनभाईंची सगळी गोष्ट सांगावी लागली.

मॅडम हसल्या, पण हटल्या नाहीत. "ते ठीक आहे सोनवणे. पण आवड नसेल तर काम चांगलं कसं होणार?"

"मॅडम, ज्याला काम आवडतं त्याला ते दोनदा करावं लागलं तरी चालतं. मला नाही चालत. वाईट बॉबिन मी पास केली तर ती फिरून माझ्याच टेबलावर येणार. म्हणून मी एकदाच बघतो. पण असं बघतो की पुन्हा बघायला लागू नये."

"मग या रकान्यात मी काय लिहू?"

"शून्य लिहा."

"शून्य नाही लिहिता येत. एकपासून सुरू आहे."

"मग एक लिहा," भटू म्हणाला. "तो तीन वाजल्याबद्दलचा."

कल्पेशभाईने मॅडमना विचारलं, "एमणे पास करेला मालमां केटली फरियाद आवी?" आपण पास केलेल्या मालाच्या तक्रारी किती, हा प्रश्न भटूनेच त्यांना मराठीत करून दिला. मॅडमनी कागद चाळले. पुन्हा चाळले. मागच्या तीन वर्षांत भटूने पास केलेल्या मालाची एकही तक्रार नव्हती, आणि त्याआधीचे कागद त्यांच्याकडे नव्हते.

"बस," कल्पेशभाई म्हणाला. "मारे आवडे एवो माणस जोईए. गमवानुं रविवारे." काम येणारा माणूस हवा, रुचायचं ते रविवारी. आणि सुमितबद्दल थोडा विचार करून म्हणाला, की झोपेत धागा बघणाऱ्या माणसाला खोक्यांत कशाला घालायचं, गिऱ्हाइकांकडे पाठवू, तिथे असंच बोलावं लागतं.

भटू बाहेर आला तेव्हा अडीच वाजले होते. उरलेल्या अर्ध्या तासात त्याने एक मोजा फळीवर ओढला आणि नीट बघितला. सत्तेचाळीस नंबरची बॉबिन फिकी होती. ती बाजूला काढली, तीन वाजता दिवा मालवला.

नदीकाठी त्या दिवशी तो नेहमीपेक्षा थोडा जास्त बसला. बावीस वर्षं त्याला वाटत आलं होतं, की मगनभाईंच्या त्या प्रश्नाने आपला घात केला. आज उलटं वाटत होतं. म्हाताऱ्याने फक्त हाताची चौकशी केली होती. येतं का, एवढंच. मन त्याने मागितलंच नव्हतं, ते ज्याचं त्याच्याकडे राहू दिलं होतं. आता छापील कागद मनही मागायला लागले होते, दहापैकी. त्याने ते दिलं नव्हतं. पाण्यावर उन्हाचा एक लांब पट्टा पडला होता. भटूने तो पास केला.

घरी दुर्गा दारातच उभी होती.

"काय म्हणालात?"

"खरं तेच."

तिने कपाळावर हात मारला. "गेली ना खुर्ची?"

"राहिली."

मग तिने सगळं काढून घेतलं, एकेक वाक्य, आणि 'तीन वाजल्याबद्दलचा' हे दोनदा सांगायला लावलं. हसू दाबत चुलीकडे वळली.

"पण काय हो, एवढा कसला हट्ट? एक 'आवडतं' तोंडातून निघत नाही माणसाच्या!"

"निघालं होतं एकदा."

"कधी?"

"अमळनेरला. तुझ्या मामाच्या ओट्यावर."

दुर्गाचा हात थांबला. एकवीस वर्षांपूर्वी तिला बघायला आलेली माणसं पोहे खात होती. तिच्या मामाने रीत म्हणून विचारलं होतं, "मग पाव्हणं, पोरगी कशी वाटली?" अशा वेळी मुलाने खाली बघायचं असतं, उत्तर वडीलधाऱ्यांनी द्यायचं असतं, तेही घरी जाऊन. पण सिल्वासाहून आलेला तो ट्रॉलीवाला मुलगा सगळ्यांदेखत मान वर करून म्हणाला होता, "आवडली." दारामागच्या बायका केवढ्या हसल्या होत्या!

दुर्गाने निळ्या मोज्याने पातेलं धरलं आणि चुलीवरून खाली उतरवलं. भटूने उंबऱ्यात बसून पाय लांब केले. गुडघा दुखत होता, आणि उद्या सकाळी सातला पुन्हा कामावर जायचं होतं.