दाताच्या दवाखान्यातली दुपार

बिल्डिंगमधले लहानथोर सगळे त्यांना वहिनीच म्हणत. नवऱ्याची बदली झाली म्हणून त्या या शहरात आल्या, आणि सामान लावून होतंय न होतंय तोच सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून वहिनींचं जग म्हणजे सासूबाईंचा पलंग, औषधांचा डबा आणि स्वयंपाकघराची खिडकी. मुळात स्वभावच घोर लावून घेणारा. गॅस बंद केला की नाही हे त्या पुन्हा पुन्हा बघत आणि शेवटी नवऱ्यालाही बघायला पाठवत.

अखेर नवऱ्याने दुपारपुरती एक मावशी लावली. "रोज तासभर बाहेर जात जा," तो म्हणाला. "नाहीतर आईच्या शेजारी तुझाही पलंग टाकावा लागेल मला."

जा म्हणणं सोपं होतं, पण जायचं कुठे? बागेत बाकावर बसल्या तर समोरचा माणूस पेपरावरून सारखा टकमक बघत राहिला. कापडाच्या दुकानात विक्रेत्याने एवढी ठाणं उलगडली की लाजेकाजेस्तव दोन रुमाल घेऊन निघावं लागलं. हॉटेलात एकटीने बसायचा धीर होईना. फोन मुठीत घट्ट धरून त्या नुसत्याच रस्ते तुडवत आणि वेळेआधीच घरी येत.

एकदा भर रस्त्यात चपलेचा पट्टा तुटला. समोर दाताचा दवाखाना होता. पिन मिळाली तर बघावी म्हणून त्या आत शिरल्या. बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तीन-चार माणसं बसली होती आणि सगळ्यांचे चेहरे वहिनींइतकेच उतरलेले होते. टेबलापाशी बसणाऱ्या मुलीने पिन शोधेपर्यंत वहिनी खुर्चीत टेकल्या. आतून यंत्राची घरघर आली. सगळ्यांनी एकदम श्वास रोखला. आणि वहिनींना कित्येक दिवसांनी जरा बरं वाटलं. इथे घाबरून बसलेल्या बाईकडे कोणी वळून बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. मुलीने विचारलं, "नंबर लावायचाय?"

"नाही, आमचे हे आत आहेत," वहिनींनी थाप मारली आणि दाराजवळची खुर्ची धरली.

मग रोजच थापा आल्या. कधी आत भाऊ असे, कधी नणंद. गाल सुजलेल्या एका गृहस्थांनी एकदा हळूच विचारलं, "फार दुखतं का हो?" वहिनींनी उभ्या जन्मात कधी दात काढून घेतला नव्हता. तरी त्या म्हणाल्या, "छे, मुंगी चावल्यासारखं." थोड्या वेळाने ते बाहेर आले, तोंडात कापूस होता म्हणून बोलले नाहीत, पण जाताना त्यांनी वहिनींकडे असं बघितलं की त्या पेपराआड लपल्या.

आठवड्याभरातच मुलीने विचारलं, "वहिनी, आज कोण आत आहे?"

"दीर."

"आत तर एक आजीबाई आहेत."

वहिनींचे कान गरम झाले. पर्स उचलून त्या उठल्या.

"बसा हो," मुलगी म्हणाली. "दिवसभर बोलायला कोणी नसतं मला. यायच्या वेळी माणसं घाबरलेली असतात आणि जायच्या वेळी त्यांना तोंड उघडता येत नाही."

त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. मुलगी घरून लाडू आणायची, डॉक्टरांची पाठ वळली की टेबलाखालून पुढे करायची. वहिनी हसायला लागल्या होत्या. आणि तशाच एका हसण्यात फोन वाजला. मावशी होती. "लवकर या. आजी पडल्या."

वहिनी तशाच धावत सुटल्या. घर येईपर्यंत वाटेत कोण भेटलं, सिग्नल कुठला होता, काही त्यांना आठवत नाही. सासूबाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. हाड शाबूत आहे असं घरी आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा वहिनी तिथेच जमिनीवर बसल्या. नवरा बर्फ आणून आईच्या कपाळाला लावत बसला. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मावशी यायची आणि दोघी मिळून सासूबाईंकडे बघत बसायच्या. एका दुपारी मावशी धुणं वाळत घालायला गेली, तेव्हा सासूबाईंनी अडखळत विचारलं, "रोज जायचीस कुठे?"

"दाताच्या दवाखान्यात."

"दुखतोय?"

"नाही. नुसती बसते तिथे."

सासूबाईंनी मान वळवली. "कोण असतं?"

वहिनींनी सुजलेल्या गालाच्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. सासूबाईंचा अर्धा चेहरा खळखळून हसला.

"मग जा की," त्या म्हणाल्या. "तू सारखी नाकाशी बोट धरून बघतेस, आहे का गेली. झोप लागत नाही मला."

"आणि पुन्हा पडलात तर?"

"मावशीने धरलं होतं. मीच हात झटकला. तू आंघोळीला गेलीस की रोज उभी राहून बघते मी. चालता येतंय का."

हे ऐकून वहिनींचा घोर कमी व्हायचा तो वाढलाच. त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

तरी दुसऱ्या दुपारी त्या निघाल्या. जिन्यातून दोनदा परत आल्या, मावशीला त्याच त्या सूचना दिल्या, तिसऱ्यांदा सासूबाईंनीच हाताने हाकललं. दवाखान्यात मुलीने काही न विचारता दाराजवळच्या खुर्चीवरचे पेपर उचलले. वहिनी बसल्या, पण टेकल्या नाहीत. फोन मांडीवर होता आणि नजर फोनवर.

तो वाजलाच. वहिनींनी तो झटकन कानाला लावला.

"हॅलो, मावशी, काय झालं?"

पलीकडे मावशी नव्हती. "कोण कोण आलंय आज?" सासूबाईंनी विचारलं.

वहिनी खुर्चीत मागे टेकल्या. मग त्या खोलीभर नजर फिरवत, तोंडावर हात धरून, हळू आवाजात सांगू लागल्या.