वैनीचा खोकला

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसासमोर माझं तोंड उघडत नाही, हे मी बरेचदा करून पाहिलं आहे.

आमचं गाव कुडाळ-मालवण रस्त्यापासून थोडं आत. घराच्या मागे आमचा काजूचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय — एक भट्टी, तिच्यावर बी उकडायची टाकी, आणि पुढे बी फोडायला बसणाऱ्या गावातल्या बायका. तो मी उभा केला होता. लोक कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं, कशाला खोटं बोलू? बी फोडली की टरफलं उरतात. तीच भट्टीत घातली की लाकूड लागत नाही. पण टरफलात तेल असतं. त्याचा धूर काळा, चिकट, घसा खरवडणारा. मागच्या फणसाची पानं काळी पडली होती. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते म्हणून शेजारी कुरकुरायचे.

त्या भट्टीपुढे बसायची माझी मोठी जाऊ. मी तिला वैनी म्हणते. मोठे दीर गेल्यावर ती आमच्यातच राहिली आणि भट्टीचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. मी जवळ गेले की म्हणायची, "तू लांब रव गो. तुका ह्यो धूर सोसूचो नाय."

मग मी लांब राहायचे. किती सोपं होतं ते.

तिला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. देवबागला माहेरी जत्रेला गेली की कमी व्हायचा, परत येऊन भट्टीपुढे बसली की पुन्हा सुरू. मला ते दिसत होतं. पण दिसलेलं सगळं माणूस मनावर घेतं का?

शेवटी तिला कुडाळला डॉक्टरकडे नेलं. आमच्याकडे एक पद्धत आहे — दवाखान्यात, कचेरीत शिकलेल्याने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. डॉक्टर विचारत होते तिला, उत्तरं देत होते मी. भूक लागते का, ताप येतो का, सगळं मीच सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "यांचं काम धुरात असतं का? चूल, भट्टी, असं काही?"

वैनीने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "नाही. घरीच असतात त्या. स्वयंपाक गॅसवर."

का म्हटलं मी असं? पुढे मी स्वतःला समजावत आले की शेजाऱ्यांची तक्रार पंचायतीत गेली होती, त्यात डॉक्टरांचं काही निघालं असतं तर कारखाना बंद पडला असता, बायकांचं काम गेलं असतं. हे सगळं खरंच आहे. पण त्या क्षणी यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं. मनात एवढंच आलं — वैनी उठली तर भट्टीपुढे कोण बसणार? दुसरी कुणी तयार नव्हती. मला बसावं लागलं असतं. आणि मला त्या धुराची भीती वाटत होती. म्हणजे तो बाधतो हे मला पक्कं ठाऊक होतं — माझ्यापुरतं.

डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी वैनी नाकाला पदर बांधून पुन्हा भट्टीपुढे. मी तिला चहा नेऊन दिला.

आणखी दोन हंगाम ती तिथे बसली. मग विहिरीपासून दारापर्यंत येताना तिला मध्येच टेकावं लागायला लागलं. गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. दिसते ती काजळी नाकात, घशात अडकते. दिसत नाही इतकी बारीक असते ती फुप्फुसात खोल उतरते, तिथेच राहते, हळूहळू ते निकामी करते. गेलेलं परत येत नाही. वेळेवर धुरातून उठवलं असतं तर इथवर आलं नसतं, म्हणाल्या. "आधीच्या डॉक्टरांनी धुराचं विचारलं नव्हतं का?"

वैनी तेव्हा आत वॉर्डात होती. मी म्हटलं, नाही.

सगळं कुडाळच्या डॉक्टरांच्या माथी मारून मोकळी झाले. आमच्या घरात आजही वैनीच्या माघारी त्या भल्या माणसाला नावं ठेवतात. मी ऐकत बसते.

भट्टी आता बंद आहे. वैनी पडवीत बसून असते, नाकाला ऑक्सिजनची नळी. परवा वाडीतल्या बायका तिला बघायला आल्या होत्या. मी आत चहा करत होते. वैनी धापा टाकत, मध्ये मध्ये थांबत त्यांना सांगत होती, "कुडाळात डॉक्टरान इचारल्यान, तर हिणा माका भट्टीवरची बाई म्हणान सांगूक नाय. घरची म्हणान सांगल्यान. असो मान कोण देता गो?"

इतकी वर्षं ती हे मनात जपून होती. मला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती — आणि तरीही मी चहा घेऊन बाहेर गेले. बायका माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या. मी कप वाटले आणि त्यांना पाहू दिलं.