मास्तरांचा कान

आमचे मास्तर गाणं शिकवायचे ते इस्त्री करता करता. दहिसरच्या चाळीतल्या त्या दीड खोलीत आम्ही चटईवर, आणि मास्तर टेबलाशी, उद्याचा ऑफिसचा शर्ट पसरून. आमच्याकडे पाठ. पण कुणाचा सूर जरा इकडचा तिकडे झाला, की इस्त्री हवेत थांबायची. थांबली की समजायचं, आज आपली वाट लागली.

"लाजतेस कसली गो? पाहुणे बघायला आलेत तुला?" हे मला पहिल्याच दिवशी ऐकावं लागलं. मास्तर मूळचे मालवणचे. रागावले की हेल पार तिकडचा. एकदा तर म्हणाले, "हा गंधार आहे की गिरणीचा भोंगा?" मी रडत घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. मास्तर ज्याला ओरडायचे नाहीत, त्याच्यावर त्यांनी पाणी सोडलंय हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

मग एक दिवस त्यांनी मलाच दुसरीकडे धाडलं. "माझ्याकडचं संपलं. पुढचं बाई देतील," म्हणत मुलुंडला एका नावाजलेल्या गायिकेकडे स्वतः घेऊन गेले. नारळ, पेढे, अंगात नवा शर्ट. "पोरगी हट्टी आहे, पण कामाची आहे," एवढंच बोलले आणि चहासुद्धा न घेता उठले. मी जिन्यापर्यंत धावले, तर म्हणाले, "वर जा. पहिल्याच दिवशी बाईंना ताटकळत ठेवायचं नसतं."

त्यानंतर त्यांनी माझी एकही चूक काढली नाही. दर गुरुपौर्णिमेला मी जायची, गायची; ते ऐकायचे आणि काकूंना चहा टाकायला सांगायचे. मी भांडायची. "मास्तर, काहीतरी बोला ना!"

"आता तू बाईंची. मी मध्ये बोललो तर तुझ्या डोक्यात दोघं भांडत बसतील."

बरोबरच होतं त्यांचं. पण मला बरोबर नको होतं, माझे मास्तर हवे होते. बाई फार चांगल्या, पण मेलं त्यांचं ओरडणंसुद्धा गोड.

गेल्या वर्षी मास्तरांना हॉस्पिटलातून घरी आणलं, तेव्हा काय ते सगळ्यांनाच कळलं. मी गेले तर उशीला टेकून बसलेले. नुसती हाडं उरली होती. "यमन गा," म्हणाले. मी सुरुवात केली. डोळे मिटून त्यांची मान हलायला लागली, आणि मला काय सुचलं देव जाणे. वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी मुद्दाम गंधार उतरवला. चांगला उतरवला, आणि तिथेच थांबून राहिले. ओरडा ना मास्तर, एकदाच ओरडा.

मान हलायची थांबली. त्यांनी डोळे उघडले आणि काकूंकडे बघितलं. "गेलो गो, माझो कानय गेलो," ते हळूच म्हणाले. "हिचो गंधार उतरलेलो ऐकाक येता."

"नाही हो मास्तर! मीच चुकले. तुम्ही ओरडावं म्हणून मुद्दाम चुकले!" त्यांचे पाय धरून मी रडत सांगत होते.

ते हसले. "उगाच म्हाताऱ्याची समजूत काढू नकोस. तू नाही अशी चुकायचीस."

मी पुन्हा पहिल्यापासून गायले, अगदी नीट. पण मान काही हलली नाही. ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्याच आठवड्यात मास्तर गेले, आपला कान आधीच गेला असं समजून.