माझ्या तोंडचे शब्द, त्यांचा अर्थ

साहेबांनी माइक माझ्या तोंडापाशी धरला आणि म्हणाले, "बोल. पवित्र आत्मा आला असेल तर बोलशील."

सगळी सभा माझ्याकडं बघत होती. पत्र्याचं शेड, दुपारचं ऊन, आत शे-दीडशे माणसं. मी तोंड उघडलं. "ये... ये... ये..." एवढंच निघालं. येशू हे नाव माझ्या तोंडातून पुरं बाहेर पडेना. माइकवरून ते ये-ये सगळ्या गल्लीत गेलं. पुढच्या रांगेत एक बाई पदर तोंडाला लावून हसली.

साहेबांनी माइक काढून घेतला. स्वतःच्या तोंडापाशी नेला. शांतपणे म्हणाले, "बघितलंत? हिच्या जिभेवर मुक्या आत्म्याचा ताबा आहे. ही अजून आपली झालेली नाही. मागं जाऊन बस, दारापाशी."

मी जाऊन बसले. मान वर केली नाही.

मी लहानपणापासून अडखळत बोलते. शाळेत मला तोतरी म्हणायचे. गुरुजी सुद्धा. तिसरीनंतर मी वर्गात तोंड उघडलं नाही आणि सातवीनंतर शाळेत गेले नाही. लग्न होऊन लोहाऱ्याजवळच्या या गावात आले. नवरा जीप चालवतो, मी ब्लाऊज शिवते. शिवणकामाला बोलावं लागत नाही.

मला प्रार्थनेला नेलं ते रत्नाकाकूंनी. आमच्या शेजारच्या. काकूंना लहानपणापासून फिट यायची. त्यापायी नवऱ्यानं टाकलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू झाल्या तशी त्यांची फिट बंद झाली. कित्येक वर्षं आली नव्हती. काकू माझ्या मशीनशेजारी येऊन बसायच्या. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत वाट बघायच्या. मधेच माझा शब्द उचलून पुरा करायच्या नाहीत. असं आयुष्यात दुसऱ्या कुणी केलं नाही. आईनं पण नाही.

तेव्हा आमची मंडळी, म्हणजे येशूला मानणाऱ्यांची सभा, एकच होती. जळकोटचे एक म्हातारे पाळक रविवारी एस्टीनं यायचे. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. बाबा सांगायचे, आत्म्याची दानं पुष्कळ हायेत. एकाला सेवा, एकाला शिकवण, एकाला दुखणाऱ्याजवळ बसायची ताकद. कुणाला अन्यभाषा मिळंल, म्हंजे आत्मा आला की तोंडातनं आपोआप निघणारी अनोळखी बोली, कुणाला न्हाय मिळणार. देणारा तो हाय, मागून भांडायचं न्हाय.

मग पुण्याकडून साहेब आले. गाडीतून. बरोबर त्यांची बायको, तिला सगळे मॅडम म्हणायचे. मोठा स्पीकर, की-बोर्ड. साहेब म्हणाले, अन्यभाषा हाच पुरावा. ज्याच्या तोंडून ती निघाली नाही त्याला आत्मा मिळालाच नाही. तो नुसता बाप्तिस्म्याच्या पाण्यात भिजून बाहेर आलेला माणूस. बाबांनी सभेत उठून विरोध केला. दोघं आमच्यासमोर शास्त्रातल्या ओळी एकमेकांवर फेकत राहिले. आम्ही ज्यांना धड वाचता येत नाही ते इकडून तिकडं माना वळवत राहिलो. महिन्याभरात मंडळी फुटली. सात-आठ घरं बाबांबरोबर गेली. बाकी सगळे साहेबांकडं. साहेब आजार बरे करतात असं लोक म्हणायचे आणि काकूंना गोळ्यांतून कायमचं सुटायचं होतं, म्हणून काकू राहिल्या. काकू राहिल्या म्हणून मी.

ज्यांना भाषा आली ते पुढं, सतरंजीवर. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायचा मान त्यांना. ज्यांना आली नाही ते मागं, फरशीवर. मी मागून मोजायची. पुढं कोण? मास्तर. ग्रामसेवकाची बायको. दोन शेतीवाडीवाली घरं. मागं कोण? खुरपायला जाणाऱ्या बाया, गवंड्याच्या हाताखालची माणसं, मी, काकू. देवापुढं सगळे सारखे, हे ऐकून आम्ही तिथं आलो होतो. मला वाटायचं, आत्मा पण घर बघून येतो काय. हे कुणाला बोलले नाही. बोलणार कशी.

माइकच्या त्या दिवसानंतर पंधरा दिवसांनी तीन दिवसांची उपासाची सभा होती. शेवटच्या दिवशी चार बायांनी मला मधे घेतलं. दोघींनी डोकं दाबून धरलं. एक कानात सांगत होती, "जीभ सैल सोड. भरभर हालेलुया म्हण. पुढचं आपोआप येतंय." ढोलकी चालू, रडारड चालू. पोटात अन्न नाही. मला घेरी येत होती. मला फक्त ते हात डोक्यावरून निघायला हवे होते.

आणि माझ्या तोंडून निघालं. एका दमात. कुठं न अडकता.

"नीरु कुडी, हुल्लु तिन्नु, मनिगे होगोण बा. बा बा बा, मनिगे होगोण बा."

माझी आजी, आईची आई, कर्नाटकातली. शेळ्या राखायची. शेळ्यांना हेच म्हणायची. पाणी प्या, गवत खा, चला घरी जाऊ. लहानपणी मी तिच्यामागं तेच गुणगुणत फिरायची. ते म्हणताना माझी जीभ कधी अडकली नाही. का ते मला माहीत नाही.

सभेत एकदम ओरडा उठला. आत्मा आला, आत्मा आला. बाया रडायला लागल्या. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मॅडमकडं अर्थ सांगायचं दान आहे असं सगळे मानायचे. मॅडमनी डोळे मिटले आणि अर्थ सांगितला. "प्रभू म्हणतो, मीच तुमचा वैद्य. गोळ्या आणि सुया यांच्यावरचा विश्वास टाका. आज मी तुम्हाला मोकळं करतो."

काकू मागून उठल्या. कमरेच्या पिशवीतून फिटच्या गोळ्यांची पाकिटं काढली. पुढं जाऊन मंचावर ठेवली. त्यांच्यामागून आणखी दोघं उठले. परत येताना माझ्या तोंडावरून हात फिरवला. त्या रडत होत्या.

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी बोलले नाही. मला सतरंजीवर बसवलं होतं. मास्तरांच्या बायकोनं माझा हात हातात घेतला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं. मला ते सोडवेना. हे माझं पाप. ते साहेबांवर ढकलत नाही. त्यांचं त्यांच्याकडं आहे.

नंतरच्या आठवड्यात दोनदा काकूंच्या दारात गेले. सांगायचं ठरवून गेले. काकू एवढ्या खुशीत होत्या की चहा पिऊन परत आले. नवव्या दिवशी सकाळी त्यांना फिट आली. भाकरी करत होत्या. चुलीत हात गेला. कोपरापर्यंत भाजला.

मी जळकोटला गेले, बाबांकडं. अडखळत सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, सगळ्यांनी भाषा बोलावी असं देवानं कुठंच सांगितलेलं न्हाय. तुझ्यावर जबरदस्ती झाली."

मला रडू आलं. मी म्हणाले, "म... मग तुम्ही चला. तिथं सांगा. का... काकू तुमचं ऐकतील."

बाबा म्हणाले, "मी त्यांच्या मंडळीत पाय ठेवणार न्हाय. तू असं कर, येत्या रविवारी माझ्या सभेत साक्ष दे. तू बोललीस तर गेलेली चार घरं परत येतेल."

मी उठले. त्या लोकांना माझी जीभ पाहिजे होती, यांना माझी साक्ष. काकूंचा भाजलेला हात दोघांच्याही कामाचा नव्हता. मी एस्टीनं परत आले.

रविवारी मी साहेबांच्याच सभेत गेले. साक्षीच्या वेळी उठले. चालत पुढं गेले आणि माइक धरला. सगळ्यांना वाटलं आता पुन्हा भाषा येणार. काही जणांनी हात वर केले.

मी बोलले ते असं. "ती... ती आत्म्याची भाषा न्हवती. का... का... कानडी होती. माझी आजी शे... शेळ्यांना म्हणायची. त्यात गो... गोळ्यांचं का... काहीच न्हाय. काकू, गोळ्या घ्या."

एवढं बोलायला मला किती वेळ लागला कुणास ठाऊक. साहेबांनी मधे अडवलं नाही. मी थांबल्यावर माइक घेतला आणि हसले. "मुका आत्मा परत आला," म्हणाले. "उपासाच्या सभेत हीच मुलगी सरळ बोलली होती. आज बघा. ही कुणाची वाणी, तुम्हीच ठरवा."

मॅडम बसल्या जागेवरून म्हणाल्या, "शब्द कानडी असतील. आत्मा कुठल्याही शब्दांतून बोलतो. अर्थ देवाचा आहे."

शब्द माझे, अर्थ त्यांचा. पुढच्या रांगेतल्या दोघींनी मला दंडाला धरून बाहेर नेलं.

बाहेर चपलांजवळ मागच्या रांगेतली एक बाई माझ्यामागं आली. उमरग्याकडची, खुरपायला जाणारी. खाली बघत म्हणाली, "म्या त्याच दिशी वळीखलं हुतं. कानडी हाय म्हणून. पर सगळे रडत हुते, बाई. म्या कसं बोलू?"

तिच्यात आणि माझ्यात फरक काय होता?

त्याच दुपारी काकूंकडं गेले. काकू दारात बाजेवर होत्या, हाताला पट्टी. मी गोळ्यांचं नवं पाकीट दवाखान्यातून आणून त्यांच्यापुढं धरलं. काकूंनी घेतलं नाही. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या तोंडून देव बोलला तवा तू किती सरळ बोललीस. आता बघ, परत अडकलीस. यातलं खरं कुठलं मानू मी?"

मी बोलायचा प्रयत्न केला. जितका जोर लावला तितका शब्द घशात रुतला. मी त्यांच्यापुढं उभी राहून नुसतं "का... का... का..." करत राहिले. काकूंनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "आता गप बस. जीपमधी त्यांचीच माणसं बसतेत."

तीन आठवड्यांनी काकू गेल्या. सकाळी जनावरांच्या हौदावर पाणी घ्यायला वाकल्या होत्या. फिट आली, तोंड पाण्यात. हौद गुडघाभर पण भरलेला नव्हता. मी मशीनवर होते. भिंतीपलीकडं. मला काही ऐकू आलं नाही.

मातीच्या वेळी साहेब म्हणाले, "प्रभूनं आपल्या बहिणीला पूर्ण बरं केलं." लोकांनी आमेन म्हटलं. बाबा पण आले होते, लांब लिंबाखाली उभे. त्यांनी मला खूण केली, नंतर भेट म्हणून. मी गेले नाही.

माती देऊन लोक निघाले तशा मॅडम माझ्याजवळ आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला. मऊ आवाजात म्हणाल्या, "परत ये. कानडी म्हणालीस ते सैतानानं बोलायला लावलं, एवढंच सभेत म्हण. आम्ही तुला पुढं बसवू."

मी त्यांचा हात खांद्यावरून काढला. म्हणाले, "ते मी... मी बोलले होते. सै... सैतान न्हाय. मी." त्या काहीतरी बोलायला लागल्या. मी हात वर करून त्यांना थांबवलं, कारण माझं संपलं नव्हतं. "आणि का... काकूंना तुम्ही मारलं. मी बी."

त्या निघून गेल्या. त्या दिवसापासून मला ब्लाऊज येणं कमी झालंय. नवरा घरात बोलत नाही.

मी देव सोडला नाही. पण आता कुणाच्याच सभेत जात नाही. उपासाच्या सभेत मंचावर काकूंच्या पाकिटाशेजारी आणखी दोघांची औषधं होती. एक म्हातारे आजोबा, बीपीचे. एक वीस वर्षांची पोरगी, तिला साखरेच्या गोळ्या लागतात. दोघांची घरं मला माहीत आहेत. काल आजोबांच्या सुनेनं ऐकून घेतलं. पोरीच्या आईनं दार लावलं. आज मी परत त्या दारात गेले. उद्या पण जाणार आहे, परवा पण. ती मला तोतरी म्हणो, सैतान म्हणो, बादलीभर पाणी अंगावर ओतो. मला एक वाक्य बोलायला लई वेळ लागतो. ते पुरं झाल्याशिवाय मी दारातून हलत नाही.