टिकाराम ड्रेसरचा देवमासा

टिकाराम मेश्रामांना ऐकू येत नाही असं सगळी गल्ली म्हणते. ते पूर्ण खरं नाही. दाराची कडी, कुकरची शिट्टी, मोबाइलची घंटी, बायकोची पहिली हाक त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पण भरलेला ट्रक येत असला की तो वळणावर दिसायच्या आधीच ते दारातल्या खाटेवरून खाली सोडलेले पाय वर उचलून घेतात. बारीक आवाज गेले, जाड आवाज राहिले. बालाघाटजवळच्या भरवेलीच्या मँगनीज खाणीत तीस वर्षं जमिनीखाली काढल्यावर कानात एवढंच उरलं.

"मग मी काय जाड आवाजात बोलू?" ललिताबाई विचारतात. "म्हशीवानी हंबरू?"

खाणीत ते ड्रेसर होते. सुरुंग उडून धूर बसला की सगळ्यांत आधी आत जातो तो ड्रेसर. हातात लांब सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन तो डोक्यावरचा दगड ठोकत जातो. टणक आवाज आला तर दगड धरून आहे. पोकळ आला तर सुटलेला आहे, तो आधी पाडायचा आणि मगच बाकीच्यांना आत घ्यायचं. ड्रेसर ठोकत असताना मागे कोणी बोलायचं नाही. खोकला आला तर तोंडात गमछा कोंबायचा. त्यानं हात वर केला की अख्खी टोळी जागच्या जागी थांबायची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी आपल्यात घेत नसे.

छत कोसळण्याआधी हवेचा एक धक्का येतो, ओल्या मातीचा वास घेऊन. तेव्हा विचार करायचा नाही. जवळचा माणूस धरायचा, ओढायचा आणि ओरडायचं. टिकारामांनी एकदा सुखराम उइकेला तसं ओढून काढलं होतं. दुसऱ्या एका वेळी एकाला ओढता आलं नव्हतं. त्याचं नाव ते घेत नाहीत.

निवृत्त झाले तरी ठोकायची सवय गेली नाही. टरबूज, माठ, नवी भिंत, जे दिसेल त्यावर त्यांच्या बोटाचं पेर पडतं. मुलीसाठी लांजीचं एक स्थळ पाहायला गेले, तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी पाहुण्यांच्या नव्या खोलीची भिंत ठोकून पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोकळ हाय. प्लास्टर सुटून राह्यलं." भिंत खरंच पोकळ होती, पण सोयरीक तिथेच संपली. ललिताबाई पंधरा दिवस बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांनी कळलं, की त्या बोलत नाहीत हे टिकारामांच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या मुलीचं, आम्रपालीचं, काम काय आहे हे गल्लीत कोणालाच नीट सांगता येत नसे. बालाघाटच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकली, नागपूरला एमएस्सी केलं, आणि मग कोकणात मालवणला एका संशोधन प्रकल्पात लागली. होडीतून समुद्रात जायचं, डॉल्फिन दिसले तर मोजायचे, कासव दिसलं तर लिहायचं आणि देवमाशाची वाट पाहायची. तो दोन वर्षांत चारदा दिसला होता, चारही वेळा लांबून.

"म्हणजे मासेच मोजते ना?" शेजारची दीपिका विचारायची.

"मासे नाही. दूध पाजणारे जनावरं हायेत थे," ललिताबाई ठसक्यात सांगायच्या. मग घरात येऊन नवऱ्याला म्हणायच्या, "गाई-म्हशी काय इथं नव्हत्या?"

ललिताबाईंच्याच हट्टापायी आम्रपालीनं पटवारीची, म्हणजे तलाठ्याची, परीक्षा दिली होती. निकाल लागला, निवड झाली. एकवीस तारखेपर्यंत रुजू व्हायचं होतं. वारासिवनी तहसील मिळण्याची चिन्हं होती, म्हणजे घरून बसनं जाऊन येण्यासारखी सरकारी नोकरी. त्या दिवशी ललिताबाईंनी दारात रांगोळी काढली, फोन लावला, आणि पलीकडून "बरं, बघते" एवढंच ऐकलं.

"बघते म्हणजे काय? काय बघायचं राह्यलं आता?" त्यांनी नवऱ्याची पिशवी भरली. "तुम्ही जा अन् घेऊनच या तिले. मले उलटून बोलते. तुमाले नाही म्हनाची नाही थे."

हे खरं होतं. पाच किलो चिन्नोर तांदूळ आणि दोन जोडी कपडे घेऊन टिकाराम गोंदियाला गाडीत बसले, मुंबईला गाडी बदलली, शेवटी बस धरली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मालवणला उतरले.

समुद्र त्यांनी तोवर पाहिला नव्हता. आम्रपाली त्यांना आधी किनाऱ्यावरच घेऊन गेली. वैनगंगेचा पूर पाहिलेला माणूस पाण्याला दुसरा काठ शोधतो. त्यांनी बराच वेळ शोधला. मग वाळूत खाली बसले आणि चपला काढून बाजूला ठेवल्या, विहारात ठेवतात तशा.

जेवताना त्यांनी विषय काढला. "आईनं सांगतलं, घेऊन या म्हणून."

आम्रपालीनं ताटातला भात थोडा सरकवला. "येते बाबा." मग ती त्यांच्याकडे तोंड करून सावकाश बोलली, त्यांना ओठ दिसावेत म्हणून. "उद्या आमची शेवटची फेरी आहे. देवमाशाचा आवाज रेकॉर्ड करायचा होता, दोन वर्षं झाली, नाही मिळाला. तो मिळाला असता तर समाधानानं आले असते. आता तशीच येते."

तिची बॅग भरलेली होती. टिकारामांचं काम झालं होतं. त्यांना हलकं वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं त्यांनाही होडीत घेतलं. होडी दाजी तांडेलांची, साठीचे गृहस्थ, बोलणं कमी. किनारा मागे पडत गेला, नारळाची झाडं काडेपेटीतल्या काड्यांएवढी झाली आणि मग तीही दिसेनात. टिकाराम दोन्ही हातांनी फळी धरून बसले होते. अचानक होडीच्या दोन्ही बाजूंनी पाणी फाटलं आणि राखाडी, चकचकीत पाठी उसळून वर आल्या. पाच, सात, बारा. एक डॉल्फिन तर इतक्या जवळून वळला की त्याचा डोळा दिसला. त्या डोळ्यानं टिकारामांकडे पाहिलं. म्हणजे ओझरतं नाही, पाहिलं.

"हे जंगली हायेत?" त्यांनी विचारलं.

"हौ."

"कोणी पाळले नाही?"

"नाही बाबा."

"मग आपल्याजवळ काहून येऊन राह्यले?"

"त्यांना वाटलं म्हणून."

टिकाराम हसायला लागले. एकटेच, आवाज न करता, बराच वेळ.

आणखी तासाभरानं पाण्यात एके ठिकाणी लहान मासे उकळल्यासारखे वर येऊ लागले, वर पक्षी गोळा झाले. आम्रपालीनं खूण केली, दाजींनी इंजिन बंद केलं. तिनं वायरला बांधलेला माइक पाण्यात सोडला, कानांना हेडफोन लावले आणि हात वर केला.

दाजी थिजले. त्यांनी तोंडातली सुपारीसुद्धा चावायची थांबवली. टिकाराम त्या वर केलेल्या हाताकडे पाहत राहिले. असा हात त्यांनी मुलीला कधी शिकवला नव्हता. ती खाणीत कधी उतरलीच नव्हती.

तेवढ्यात पाठीमागे, दहा-बारा हातांवर, देवमासा श्वास घ्यायला वर आला.

टिकारामांना तो दिसला नाही. त्यांना फक्त आवाज आला, कोंडलेली हवा एकदम सुटल्याचा, जाड आणि खोल. मानेवर ओला झोत बसला, कुबट वास आला. विचार करायचा नव्हता. "भागोऽऽ!" ते ओरडले, आणि मुलीला खांद्याला धरून त्यांनी होडीच्या तळाशी पाडलं, तिच्यावर स्वतःचं अंग टाकलं आणि दोन्ही हातांनी तिचं डोकं झाकलं.

होडी एका अंगावर गेली. "अरे बसा! होडी उलटतली!" दाजी ओरडले. वायर ताणून तुटता तुटता राहिली, हेडफोन निघून जाळ्यावर पडले. होडी सावरेपर्यंत मागे पाण्यावर फक्त एक गुळगुळीत गोल वर्तुळ उरलं होतं.

"गेलो तो," दाजी म्हणाले. "दोन वर्षांनी एवढ्या जवळ इल्लो, नि काकांनी पळवल्यानी."

टिकाराम उठून बसले. वर पाहिलं. छत नव्हतंच. निळं, उघडं, कुठेही न टेकलेलं आभाळ होतं. ते मुलीकडे पाहायचं टाळत राहिले.

आम्रपालीच्या कोपराला खरचटलं होतं. डोळ्यांत पाणी होतं, पण ती रागावली नाही. तिनं लहानपणी बापाला झोपेत असं ओरडताना ऐकलं होतं. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाबा, थो श्वास घेत होता. फक्त श्वास."

"श्वास?" त्यांनी मानेवरचं ओलं हातानं पुसून पाहिलं. "एवढा?"

मग वाट पाहणं सुरू झालं. पाठलाग करायचा नाही, इंजिन लावायचं नाही, असा तिचा नियम होता. ऊन चढलं. ती पुन्हा पुन्हा ऐके आणि मान हलवी. तळाशी कोळंबीसारखे बारीक जीव असतात, त्यांचा सतत कडकडाट चालतो, तापल्या तेलात पाणी शिंपडावं तसा. त्या कडकडाटापलीकडचं ऐकू येत नाही, असं ती दाजींना सांगत होती.

"मले दे," टिकाराम म्हणाले.

तिनं हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले. कडकडाट त्यांच्यासाठी नव्हताच. त्यांना नुसता अंधार ऐकू आला, ओळखीचा, सब्बल ठोकण्याआधीचा. ते डोळे मिटून बसले. पाच मिनिटं, दहा. दाजींनी खोकला दाबला.

टिकारामांचा हात वर गेला.

"हाय," ते पुटपुटले. "खाली हाय. दगड बसते ना लांब कुठीतरी, तसा आवाज. एक... थांबला... आता दुसरा. दुसरा लहान हाय."

आम्रपालीनं हातातल्या यंत्राकडे पाहिलं. पडद्याच्या अगदी तळाशी एक पुसट जाड रेघ उमटली होती आणि तिच्या मागोमाग एक आखूड. कडकडाटाच्या गर्दीत ती तिच्या नजरेतून सुटली असती. रेकॉर्डिंग चालू होतं. तिनं तोंडावर हात दाबून धरला.

मग दोघं वर आली. आधी पाणी फुगलं, जणू समुद्रानं छाती भरून घेतली. मग डोकं, त्यावर लांबच लांब तीन कंगोरे. श्वासाचा फवारा उभा राहिला आणि उन्हात क्षणभर रंगीत झाला. त्यामागून पाठ आली, नुकत्याच फोडलेल्या मँगनीजच्या दगडासारखी, काळ्यात निळी झाक असलेली. ती येत राहिली आणि संपेचना. होडीची लांबी संपली तरी पाठ चालूच होती. तिच्या कुशीला चिकटून पिल्लू होतं, तेच होडीएवढं. आई होडीच्या बाजूनं जाताना जराशी कुशीवर कलली आणि पिल्लाला पलीकडे घेऊन गेली, रस्त्यानं चालताना बाया लेकराला आतल्या बाजूला घेतात तशी.

टिकारामांनी हात जोडले नव्हते. हात गुडघ्यांवर उघडे पडले होते आणि त्यावर श्वासाचे थेंब येऊन बसत होते. तीस वर्षं त्यांनी डोक्यावरच्या दगडाचं ऐकलं होतं, आणि त्याचं बोलणं एकच होतं: पडतो की नाही. पायाखालून कोणी असं एकमेकांना हाका मारत जात असेल, काहीच पडायचं नसतानाही बोलत असेल, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

होडी परत फिरली तेव्हा आम्रपाली हसत होती आणि रडतही होती. "मिळालं बाबा. आता खुशीनं येते घरी."

किनारा दिसू लागल्यावर टिकारामांनी विचारलं, "हे ऐकणारे किती हायेत, आपल्याकडं?"

"या किनाऱ्यावर? चार-पाच जण."

"अन् पटवारी?"

तिनं गुंडाळत असलेली वायर खाली ठेवली.

"पटवारी कोणीबी होईन," ते म्हणाले. "तू काहून येतं? आईले मी सांगतो. दोन दिवस तू तिचा फोन नको उचलू."

ते एकोणीस तारखेला दुपारी बालाघाटला उतरले, एकटेच. ललिताबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी रिक्षात डोकावून पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"पोरगी कुठी हाय?"

"कामावर."

"कामावर?" त्यांचा आवाज इतका चढला की तो टिकारामांनाही पोचला. "तुमाले आणाले पाठवलं होतं! आठ दिवसांपासून सगळ्याइले सांगून राह्यली मी! काय केलं तिथं जाऊन?"

टिकारामांनी पिशवी ओट्यावर ठेवली, आपल्या दाराच्या उंबऱ्याला टाच लावली आणि गल्लीतून चालायला लागले, मोजून पावलं टाकत. एक, दोन, तीन. ललिताबाई बडबडत मागून आल्या. टिकाराम दीपिकाचं दार ओलांडून गेले, पुढच्या घरातल्या राकेशच्या मोटरसायकलीला वळसा घालून नळापर्यंत गेले. अठराव्या पावलाला थांबले आणि वळले.

"उंबऱ्यापासून इथपर्यंत," ते म्हणाले. "एवढी एक बाई. पोटाशी लेकरू. आमच्या बाजूनं गेली, पण होडीले धक्का नाही लावला."

ललिताबाईंनी मागे वळून आपल्या दाराकडे पाहिलं. मग परत नवऱ्याच्या पायांकडे.

"एवढी?"

"हौ."

"अन् आपली पोरगी?"

टिकारामांनी दोन हात पसरून अंतर दाखवलं. "इतकी जवळ. हात वर केला की माणसं गप्प होतात तिच्यापुढं. तिनं मले शिकवलं, आवाज कसा ऐकाचा थे."

ललिताबाई नळाजवळ उभ्या राहिल्या. गल्ली नेहमीचीच होती, धुणी वाळत होती, एक कुत्रं मधोमध झोपलं होतं. त्यांनी ती सगळी लांबी पुन्हा एकदा नजरेनं मोजली, आणि पदराची कड मुठीत घट्ट धरली.

आवाज ऐकून दीपिका बादली घेऊन नळापाशी आली. "काकू, काका काय मोजून राह्यले? अन् पटवारीणबाई नाही आल्या काय?"

ललिताबाईंनी पदर कमरेला खोचला.

"नाही येत थे," त्या म्हणाल्या. "तिले तिथं काम हाय. अन् तू जरा बाजूले सरक, शेपटीवर उभी हायेस."